परत वेचलेल्या अक्षता

झाडं एकमेकांशी उघड भांडत, त्या काळातली गोष्ट. एका सकाळी डोंगरातल्या अडुळशाला स्वतःच्याच खोडातून आवाज आला, "पानं मिट जरा, ऊन चढतंय."

"कोण आहे आत?"

"मी बुरशी. तू रोप होतास तेव्हापासून इथंच राहते."

अडुळसा हादरला. गावाचा खोकला बरा करणारा मी, आणि माझ्याच पोटात बुरशी? "आत्ताच्या आत्ता नीघ."

"अरे, उन्हानं तुझी पानं आतून गंजू नयेत म्हणून मी कडू रस करते."

"माझं औषध माझं मी करतो."

बुरशी धुळीसारखी बाहेर पडली आणि शेजारच्या खुरट्या अडुळशात शिरली.

चैत्रात औषधं देणारी सगुणाक्का आली. पाला खुडण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायची तिची रीत होती. मोठ्या अडुळशाच्या पायाशी अक्षता ठेवून ती म्हणाली, "उद्या न्यायला येते, बाबा." अडुळसा ताठ झाला.

सकाळी तिनं त्याचं एक पान चावलं. ते कडू लागेना. तिनं दुसरं चावलं, तेही सपकच. शेजारच्या खुरट्या झाडाचं चावलं, तर ते कडूजहर निघालं.

मग तिनं वाकून त्याच्या पायाशी ठेवलेल्या अक्षता एकेक करून वेचल्या, आणि खुरट्या झाडापाशी नेऊन ठेवल्या.