वाऱ्याचा पहिला नंबर

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे जो जास्त म्हातारा तो जास्त शहाणा असं ठरून गेलं त्याच्या थोडंसं नंतर, एका जंगलात एक शाळा होती.

शाळा नदीकाठच्या उंबराखाली भरायची. गुरुजी होते एक वयोवृद्ध मोर. त्यांचा पिसारा बराच झडला होता, ऐट मात्र एका पिसानेही कमी झाली नव्हती. पहिल्या वर्षी ते वणवा, पूर आणि शिकाऱ्यांचा हाकारा शिकवत. दुसऱ्या वर्षी फासे आणि जाळी. म्हणजे गाठ कशी ओळखायची आणि दातांनी कशी सोडवायची. ज्याला हे आलं तो जगला. म्हणून प्रत्येक आईला वाटायचं, आपलं पोर या शाळेत जावं.

एका उन्हाळ्यात नदीच्या खालच्या अंगाचा डोह आटला आणि तिथली पाणमांजरं वर आली. त्यांत एक आई होती आणि तिची लेक होती, डुबी. डुबीचा बाप मासे धरायच्या जाळ्यात अडकून गेला होता. आई त्याच्या शेजारी रात्रभर दोर चावत बसली होती, पण कुठली गाठ आधी सोडवायची हेच तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. पोरगी गाठी सोडवायला शिकली पाहिजे.

डुबी शाळेत आली. निदान तिला तरी तसं वाटलं.

त्याचं असं होतं, की जंगलात एकमेकांचं बोलणं सगळ्यांनाच कळायचं. हरणाचं सशाला कळायचं, सशाचं खारीला कळायचं. पण शाळेत बोलायचं ते मोराच्याच आवाजात, असा दंडक होता. सकाळी गुरुजी डोळे मिटून हजेरी घ्यायचे. "डोळ्यांना फसवता येतं, कानांना नाही," असं ते म्हणत. नाव घेतलं, की पोराने "मिआँव!" असा केकारव करायचा. केला तर हजर, नाहीतर गैरहजर.

माकडांना नकला जन्मतःच येतात, त्यांचं भागलं. हरणाच्या पाडसांनी घरी घसा फोडून फोडून जमवलं. सशाचं पिल्लू फक्त "मि" एवढंच म्हणायचं, पण त्याचे आजोबा गुरुजींच्या बैठकीतले, त्यामुळे पुढचं "आँव" गुरुजी समजून घ्यायचे. घुबडांची आणि घोरपडींची पोरं मात्र कधीच घरी बसली होती.

"पाणमांजर, खालच्या डोहाची!" गुरुजींनी पुकारलं.

डुबीने शीळ घातली. पाणमांजरं शीळच घालतात. छान, लांब, ओली शीळ.

"गैरहजर," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी आलेय," डुबी शिळेतच म्हणाली.

"गैरहजर मुलांनी मध्ये बोलू नये," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

शेजारी बसलेलं माकडाचं पोर कुजबुजलं, "अगं डुबे, तू आलेली नाहीस ना? मग माझ्या शेपटीवर कोण बसलंय?"

डुबीने घरी जाऊन मिआँवचा सराव केला. पाण्यात केला तर बुडबुडे आले. काठावर केला तर बेडूक घाबरून पळाले. महिना गेला, दोन गेले. शीळ काही मिआँव होईना. शेवटी तिची आईच शाळेत आली.

"गुरुजी, माझी लेक रोज शाळेत येते की हो!"

"बाई, तुमची मुलगी एकही दिवस शाळेत आलेली नाही," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

"अहो, ही काय! तुमच्या पायाशी बसलीय!"

"बसलेली मला दिसतेय. पण ती आलेली नाही."

"न येता बसली कशी?"

"तेच तर मी तिला केव्हाचं विचारतोय," गुरुजी म्हणाले. "पण गैरहजर विद्यार्थिनीचं उत्तर ऐकायचं कसं?"

आईने कपाळाला पंजा लावला.

"आणखी एक सांगून ठेवतो," गुरुजी म्हणाले. "वर्षभर गैरहजर राहणाऱ्याचं नाव होळीला शाळेतून काढलं जातं. दुसऱ्या वर्षात त्याला बसता येत नाही."

दुसरं वर्ष म्हणजे गाठी. आईचं काळीज पाण्यात पडलेल्या दगडासारखं खाली गेलं.

ती जंगलातल्या ज्येष्ठांकडे गेली. ज्येष्ठ म्हणजे कासव, गवा आणि टिटवी. या तिघांनी जंगलाचा एकही प्रश्न आजवर सोडवला नव्हता, पण प्रत्येक प्रश्नावर बैठक मात्र घेतली होती.

"घशाचा दोष आहे," कासव आजोबा म्हणाले. "मध चाटवा."

मध चाटवला. शीळ गोड झाली.

"मनाचा दोष आहे," टिटवी आत्या म्हणाली. "आपण मोर नाही असं तिला वाटतं, म्हणून आवाज फुटत नाही. गुरुजींची झडलेली पिसं बांधा."

पिसं बांधली. डुबी पाण्यात उतरताच पिसं भिजून जड झाली आणि तिला खाली ओढू लागली. माकडाच्या पोराने शेपूट टाकून तिला वर काढलं. ज्येष्ठांनी मात्र आपण केवढं केलं म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं.

"हजेरी थोडी बदलली तर?" आईने भीत भीत विचारलं.

तिघेही असे दचकले, की जणू जंगलात आगच लागली.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई!" गवा गरजला. "हरणालाही मिआँव, माकडालाही मिआँव, मोरालाही मिआँव. याहून न्याय्य काय असतं?"

"मोराला सोपं जातं," आई म्हणाली.

"त्याला इलाज नाही," गवा म्हणाला. "तो मोर आहे."

इकडे शाळेत एक वेगळाच घोळ सुरू झाला होता. डुबी हुशार होती, आणि हुशार पोराला उत्तर पोटात ठेवता येत नाही. एके दिवशी गुरुजींनी विचारलं, "पूर येणार हे आधी कुणाला कळतं?"

डुबीने हळूच शीळ घातली, "मुंग्यांना. त्या अंडी घेऊन वर चढतात."

"उत्तर बरोबर," गुरुजी म्हणाले. "पण दिलं कुणी?"

"डुबीने," माकडाचं पोर म्हणालं.

"ती आज आलेली नाही."

"मग?"

गुरुजींनी मान वर केली. उंबराची पानं हलत होती. त्यांचा चेहरा उजळला. "वाऱ्याने दिलं! शाबास, वाऱ्या!"

त्या दिवसापासून वारा फार हुशार होत गेला. वणव्यात कुठल्या बाजूला पळायचं ते वाऱ्याला यायचं. हाकाऱ्याचे ढोल आणि लग्नाचे ढोल यांतला फरक वाऱ्याला कळायचा. गुरुजी घरोघरी त्याचं कौतुक सांगत. "एवढा चपळ विद्यार्थी माझ्या आयुष्यात झाला नाही. आणि शिस्त बघा, एकदाही खोडी नाही." हरणांच्या आया पाडसांना रागावू लागल्या, "बघ, वारा बघ जरा! नाहीतर तू!"

होळी आली. त्या दिवशी निकाल लागायचा आणि नावंही काढली जायची. पहिला नंबर वाऱ्याचा आला. दुसरा माकडाच्या पोराचा, आणि ते दुसरं आलंय यावर त्याच्या घरच्यांचा विश्वास बसेना. बक्षीस द्यायला राणी येणार होती. राणी म्हणजे वाघीण. तरुण होती, नुकतीच गादीवर बसली होती आणि ज्येष्ठांची भाषणं सुरू झाली की शेपूट आपटायची.

झाडाखाली गर्दी झाली. पुढे ज्येष्ठ, मध्ये पोरं, मागे आया. डुबीची आई अगदी शेवटी उभी होती. आज लेकीचं नाव जाणार, हे तिला माहीत होतं. तिने डुबीचा पंजा घट्ट धरला होता.

उंबराखाली बसायचं तर हजेरी द्यायलाच हवी, पाहुणा असला तरी. गुरुजींनी डोळे मिटले.

"राणीसरकार!"

राणीने डरकाळी फोडली. पिकली उंबरं टपाटप खाली पडली. ससे एकमेकांच्या पोटाखाली शिरले.

"गैरहजर," गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी आधी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्यांना दोन्ही पुन्हा मिटावेसे वाटले.

कासव आजोबा कवचात गेले. टिटवी आत्या आकाशाकडे बघू लागली. गवा मात्र झटकन पुढे आला. "छे छे! राणीसरकारांना हा नियम लागूच नाही! आम्ही ज्येष्ठ आत्ता, या क्षणी, तसं ठरवत आहोत!"

"एवढ्यात ठरलं?" राणीने विचारलं. "बैठक नको?"

"आपल्यासाठी कशाला बैठक, सरकार!"

"मग हा नियम आहे कुणाला?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "माझ्या पोरीला आहे, सरकार," डुबीची आई म्हणाली. ती गर्दीतून पुढे येत होती आणि डुबीलाही ओढत आणत होती. "वर्षभर इथं बसली. एक दिवस चुकवला नाही. आणि आज ती कधी आलीच नाही म्हणून तिला काढतायत. हिचा बाप जाळ्यात गेला, सरकार. गाठी शिकायच्या म्हणून आणली हिला."

राणीने गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजी, ही मुलगी इथं आहे का?"

"नाही, सरकार."

"मला दिसतेय."

"दिसतेय खरी. पण आलेली नाही."

"आणि मी?"

गुरुजींनी पिसारा सावरला. "आपण... आपण आलेल्या नसूनही आहात."

पोरं हसली. आयाही हसल्या. राणीच्या मिशा थरथरल्या, पण ती हसली नाही. "बरं. आधी बक्षीस देऊ. पहिल्या आलेल्याला बोलवा. मी माळ घालते."

"वाऱ्या!" गुरुजींनी हाक मारली.

होळीची दुपार होती. उन्हाने पान न् पान मरगळलं होतं. कुठे काही हललं नाही.

"कुठे आहे तुमचा वारा?"

"आज तो... गैरहजर दिसतो," गुरुजी पुटपुटले.

"येईल. त्याला एखादा प्रश्न घाला. हुशार पोराला उत्तर आवरत नाही म्हणतात."

गुरुजींनी घसा साफ केला. "मागे वणवा आहे, पुढे नदी, आणि पिल्लाला पोहता येत नाही. काय करावं?"

सगळे कान टवकारून बसले. डुबीने आईकडे पाहिलं. मग तिला खरंच राहवेना. शीळ घुमली, "काठाच्या चिखलात लोळवायचं. ओला चिखल अंगाला लागला, की ठिणगी धरत नाही. तोवर मोठ्यांनी ओंडका आणायचा."

पान हललं नव्हतं. गवताची काडी हलली नव्हती. सगळ्यांच्या माना डुबीकडे वळल्या, आणि गुरुजींचा चिमुकला नातू टाळ्या पिटाव्यात तसे पंख आपटत ओरडला, "आजोबा! आजोबा! वारा हिच्या तोंडातून येतो!"

राणी उठली. "गुरुजी, नियम वाकत नाही असं मला ज्येष्ठांनी सांगितलं होतं. मी तर नुसती डरकाळी फोडली आणि तो माझ्यापुढे आडवा झाला. वाकायचंच असेल, तर त्याने लहानांकडे वाकावं. मोठ्यांपुढे वाकायला नियम कशाला हवा? त्यासाठी तुमचे ज्येष्ठ आहेतच की."

"पण सरकार," गुरुजी कळवळून म्हणाले, "केकारवाची परंपरा! ती बुडाली तर?"

"बुडवायला कोण सांगतंय? केकारव शिकवा, रोज शिकवा. पण पोर शाळेत आलंय हे कबूल केल्याशिवाय तुम्ही त्याला शिकवणार कसं?"

गुरुजी भले होते हो, फक्त इतकी वर्षं कुणी त्यांना प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी डुबीसमोर मान झुकवली आणि शीळ घालून पाहिली. फुस्स झालं. डुबीने हसू दाबून पुन्हा घालून दाखवली. चौथ्या खेपेला गुरुजींना जरा जमली, आणि माळ डुबीच्या गळ्यात पडली.

पुढल्या वर्षी घुबडांची पोरं आली, घोरपडींची आली. हजेरी आता ज्याच्या त्याच्या आवाजात व्हायची आणि तिला अर्धी सकाळ जायची, कारण गुरुजींना घुत्कार करताना ठसका लागायचा आणि घोरपडीसारखं फुत्कारताना चोच वाकडी व्हायची. पोरं खूश होती. ज्येष्ठांनी "आमच्या वेळी असं नव्हतं" या विषयावर एक बैठक घेतली. ती अजून संपलेली नाही.

डुबी गाठींच्या वर्गात बसली. पहिल्याच दिवशी तिने जाळ्याच्या गाठीत स्वतःचं शेपूट अडकवून घेतलं आणि सगळा वर्ग खोळंबला. गुरुजी कडाडले, "डुबे! लक्ष कुठे आहे तुझं?"

संध्याकाळी ती उड्या मारत घरी आली. "आई, आई! आज गुरुजी मला रागावले! नाव घेऊन रागावले!"

आईने तिला जवळ ओढलं, आणि पोरीला बोलणी बसली हे ऐकून कुणा आईला झाला नसेल एवढा आनंद तिला झाला.

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावं: शाळेचं दार सगळ्यांना सारखं उघडं असून भागत नाही, आत आलेलं पोर ज्या आवाजात 'आले' म्हणतं, तो आवाज आधी शाळेने शिकायचा असतो.