शंकेचा पाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दुपारी ढग डोंगरावरून सावकाश उतरायचे आणि लोकांच्या अंगणात येऊन बसायचे. त्यांना कुणी हाकलत नसे. बायका वाळवण उचलून घरात न्यायच्या आणि ढग उठून जाईपर्यंत जरा लवंडायच्या.

अशा एका डोंगरगावात एक सावरीवाली राहायची. रानात सावरीची बोंडं फुटली, की ती कापूस गोळा करायची, घरी निवडायची आणि गाठोडी बांधून आपल्या घोडीवरून खालच्या नगरात न्यायची. नगरातले लोक त्याच्या उशा करत. त्या उशांवर फार गोड स्वप्नं पडतात, असं म्हणत. खरंखोटं देव जाणे. सावरीवाली स्वतः घोंगडीची घडी डोक्याखाली घेऊन झोपायची.

घोडीचं नाव पारवी. घाटातली वाट ढगात बुडाली, की सावरीवालीला स्वतःचे पायसुद्धा दिसत नसत. मग ती पारवीच्या मानेवर हात ठेवायची आणि पारवीच्या डोळ्यांनी चालायची. घरात तिसरं कुणी नव्हतं. बोलायचं ते पारवीशी, रुसायचं तेही पारवीवरच.

एक दिवस पारवीच्या उजव्या डोळ्यात तिला काहीतरी पांढरं दिसलं. कापसाचा तंतू असेल म्हणून तिनं पदरानं टिपून पाहिलं. तो निघेना. डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळावर पांढरा डाग धरला होता.

घोड्यांच्या वैद्याला तिकडे सलोतरी म्हणत. गावाच्या वेशीवर राहणारा म्हातारा सलोतरी मोठा नावाजलेला होता. घोडा नुसता खोकला, तरी त्याला दुखणं कळायचं. त्याच्या ओसरीवर दोन पाट मांडलेले असत. एकावर तो बसायचा. दुसरा समोर, रिकामा.

तो रिकामा पाट शंकेचा होता. ज्याला उपचाराबद्दल काही विचारायचं असेल, त्यानं त्यावर बसून विचारावं, अशी सलोतरीच्या गुरूंनी घालून दिलेली पद्धत. पण लोकांना वाटायचं, हे खुद्द गुरूंचंच आसन. ते त्यावर फूल वाहायचे, नमस्कार करायचे आणि खाली जमिनीवर बसायचे. सुरुवातीला सलोतरीनं दोघाचौघांना समजावून पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या आणि आणखी एकेक फूल वाहिलं. मग त्यानंही नाद सोडला. आणि खरं सांगायचं, तर कुणी काही विचारत नाही याचं त्याला पुढे पुढे बरंच वाटू लागलं.

सावरीवालीनंही फूल वाहिलं आणि खाली बसली. सलोतरीनं पारवीचा डोळा उघडून पाहिला.

“एकवीस दिवस अंधाऱ्या कोठडीत ठेव. दार बंद, खिडकी बंद. त्रिफळ्याच्या निवलेल्या पाण्यानं दिवसातून तीनदा डोळा धू. समजलं?”

“समजलं, बाबा,” ती म्हणाली. त्या गावात वैद्यापुढे मान फक्त वरखाली हलायची.

तिनं घरातली कोठडी रिकामी केली, म्हणजे गाठोडी एका कोपऱ्यात रचली, आणि दार लावून घेतलं. चार दिवस झाले. डोळा जास्तच लाल झाला. तळ्यावर पाणी पाजायला नेलं, की पारवी डोळा जरा उघडायची. कोठडीत आणलं, की पुन्हा मिटून घ्यायची.

हे काहीतरी चुकतंय, असं सावरीवालीला वाटू लागलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला विचारायचं कसं? आपण पडलो कापूस निवडणारी. तिनं शंका गिळली. शंका काही पोटात राहिना. म्हणून सलोतरी सोडून तिनं सगळ्यांना विचारलं.

तेली म्हणाला, “अंधार कशाला? डोळ्याला ऊन दाखव.”

कुंभारीण म्हणाली, “अगं, आल्याचा रस मधात घाल आणि सोड दोन थेंब. झोंबेल, पण फूल गळून पडेल.”

कुणाचंच मन मोडायला नको, म्हणून सावरीवालीनं सगळ्यांचंच ऐकलं. सकाळी कोठडी, दुपारी ऊन, संध्याकाळी आलं. पारवी पाय आपटायची, मान फिरवायची. सावरीवाली तिच्या गळ्याला मिठी मारून म्हणायची, “बरं होण्यासाठीच गं.” नवव्या दिवशी फूल दुप्पट झालं आणि डोळा उघडेनासा झाला.

त्या दुपारी ढग अंगणात येऊन बसले. सावरीवाली कोठडीच्या उंबऱ्यावर टेकली आणि तिला डुलकी लागली. सगळं पांढरं, मऊ आणि शांत होतं. त्या मुलखात जनावरं बोलत, पण अगदी क्वचित. पारवीनं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

“तेल्याला विचारलंस. कुंभारणीला विचारलंस,” पारवी म्हणाली. “ज्यानं औषध सांगितलं, त्याला कधी विचारणार?”

“तो रागावला तर?”

“रागावला, तर तू घरी येऊन थोडं रडशील. मी आंधळी झाले, तर तुला घाटातून घरी कोण आणणार?”

सावरीवाली दचकून उठली. स्वप्न होतं की खरं, ते तिला कधीच कळलं नाही. खांदा मात्र ओला होता, पारवीच्या डोळ्यातल्या पाण्यानं.

ती तशीच पारवीला घेऊन वेशीवर गेली. ओसरी माणसांनी भरलेली होती. तिनं रिकाम्या पाटावरची फुलं एक एक करून बाजूला ठेवली आणि त्यावर बसली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा, मी त्या दिवशी समजलं म्हणाले, पण समजलं नव्हतं,” ती म्हणाली. “कोठडी बंद केली, की डोळा लाल होतो. तळ्यावर नेली, की आधी उघडायचा, आता तोही नाही. असं का? आणि मी तिच्या डोळ्यात आल्याचा रसही घातला. ते चुकलं का?”

सलोतरीचा चेहरा आधी ताठ झाला. किती वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानं पारवीचा डोळा पुन्हा उघडून पाहिला.

“कोठडीत आणखी काय असतं?” त्यानं विचारलं.

“काय असणार? सावरी.”

तो काठी घेऊन उठला आणि तिच्याबरोबर घरी आला. एव्हाना अंगणातले ढग उठून गेले होते. त्यानं कोठडीचं दार ढकललं. छपराच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत पडली होती आणि तिच्यात सावरीचे हजारो तंतू हळूहळू तरंगत होते. सावरीवालीचा जन्म त्या तंतूंमध्ये गेला होता. ते तिनं आज पहिल्यांदा पाहिले. दिसायला फार सुंदर होतं. सलोतरी लागोपाठ तीनदा शिंकला.

“अंधार डोळ्याला हवा होता, बाई,” तो म्हणाला. “मी घर बंद करायला सांगितलं, पण घरात काय आहे ते विचारलं नाही. ही चूक माझी. आल्याची चूक तुझी.”

त्यानं पारवीच्या डोळ्यावर काळ्या कापडाची सैल झापड बांधली. तिला तळ्याकाठच्या जांभळीखाली बांधायला सांगितलं. रोज त्रिफळ्याचं पाणी, दुसरं काही नाही. तो स्वतः एक दिवसाआड येऊन बघून जायचा.

तिथून एकविसाव्या दिवशी झापड काढली. पारवीनं डोळा उघडला. फूल ओसरलं होतं, पण मोहरीएवढा एक ठिपका उरला होता.

“हा आता जाणार नाही,” सलोतरी म्हणाला. “तू पहिल्या चार दिवसांत आली असतीस, तर हा राहिला नसता.”

सावरीवाली पारवीच्या मानेत तोंड खुपसून रडली.

पुढे ओसरीवरच्या त्या पाटावर फुलं दिसेनाशी झाली. माणसं बसून बसून तो गुळगुळीत झाला. सलोतरी अधूनमधून कुरकुरायचा, पण आता तो औषध सांगण्याआधी स्वतःच दहा गोष्टी विचारायचा.

आणि पारवीला त्या डोळ्यानं थोडं धूसरच दिसत राहिलं. लख्ख दिवशीही तिच्या उजवीकडे जरासा ढग असायचा. म्हणून सावरीवाली घाटात नेहमी तिच्या उजव्या बाजूनं चालायची. मानेवर हात तसाच असायचा. फक्त आता एकीला वाट दुसरी दाखवायची आणि दुसरीला पहिली.

बोध एवढाच: शंका मनात दाबू नये आणि गावभर वाटूही नये, ज्यानं उपाय सांगितला, त्याच्यासमोर बसून वेळेवर विचारावी.