वेलीला विचारून

“विचारलंस का तिला?”

जिव्या भगताने डोळे न उघडताच विचारलं. त्याचा शिष्य नवश्या नुकताच डोंगरावरून धावत आला होता. छाती भात्यासारखी चालली होती, नखांत माती होती. हातात औषधाची अख्खी वेल होती, मुळासकट उपटलेली.

“कुणाला, बाबा?”

“वेलीला.”

विचारायची रीत नवश्याला भगतानेच शिकवली होती. मुळाशी तांदूळ ठेवायचे, कुणासाठी हवं ते सांगायचं. मग आपला श्वास जागेवर येईपर्यंत बसायचं. त्यानंतर आपला हात आपसूक पुढे झाला तर अर्धी मुळी घ्यायची, उरलेली मातीत झाकायची. नाही झाला, तर रिकाम्या हाताने घरी यायचं.

“येळ कुठं होता?” नवश्या चिडला. “तू हितं मरतोस, नि मी तिथं तांदूळ मांडत बसू? मुळी उगाळून देतो. उठून बसशील बघ.”

पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पण आज तो घाबरला होता. भगताचा आजार आता बरा होणार नाही, असं दवाखान्यातली डॉक्टरीण सांगून गेली होती. निदान दुखू नये म्हणून तिने गोळ्या दिल्या होत्या. नवश्याने त्या छपरात खोचून ठेवल्या होत्या. भगतच दवाखान्याच्या गोळ्या खातो म्हटल्यावर पाड्यात शिष्याला कोण विचारणार?

भगताने कण्हत कूस बदलली.

“गोळ्या कुठं हायेत?”

नवश्याने वर पाहिलं, मग खाली.

“कुणाला विचारून ठेवल्यास?”

नवश्याने गोळ्या काढल्या. पाण्याचा तांब्या आणला. मग हात मध्येच थांबला.

“देऊ?”

भगताने मान हलवली. गोळी गिळायला त्याला फार कष्ट पडले.

“आता जा. वेल लावून ये.”

“आणि मी येईस्तोवर तू...”

भगताने दाराकडे बोट केलं.

कनवटीला मूठभर तांदूळ बांधून, वेल घेऊन नवश्या पळत सुटला. त्याच खड्ड्यात वेल बसवली, माती दाबली, ओढ्याचं पाणी ओतलं. मुळाशी थोडे तांदूळ ठेवले. वेल जगेल की नाही, कळत नव्हतं. जीव सगळा पाड्यात अडकला होता.

परत आला तेव्हा भगत जागा होता. कपाळावरच्या आठ्या सैलावल्या होत्या.

“मला भाईर घे,” तो म्हणाला. “डोंगर दिसू दे.”

नवश्याने त्याला उचललं. किती हलका झाला होता म्हातारा! अंगणात चटईवर, डोंगराकडे तोंड करून त्याला निजवलं. मग कनवटीला उरलेले तांदूळ त्याच्या पायाशी ठेवले.

“बाबा... मला अजून लय शिकायचंय. तू राहशील का?”

भगताने शेजारची जमीन हलकेच थोपटली.

“विचारलंस ना? आता बस.”