केसभरही फरक नाही

“तिसऱ्या हाकेलाही उठला नाहीस?”

नारूकाकांनी विचारलं तेव्हा दिगंबर चक्क हसत होता.

“नाही उठलो, काका. उजवा डोळा झाला होता, डावा चालू होता.”

नारूकाका म्हणजे आमच्या गणपतीच्या कारखान्यातले डोळे आखणारे. यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, ज्याचे दोन डोळे केसभरही फरक न पडता उतरतील, त्याला माझी जागा. त्या जागेसाठी दिगंबर नुसता झुरत होता. घरी सारखं कुणीतरी हाक मारतं, लक्ष मोडतं, ही त्याची रोजची रड. आज सकाळी मात्र मूर्ती कापडात गुंडाळून आला तो छाती काढूनच.

मी शेजारी शाडू मळत होतो. कान तिकडेच होते, खोटं कशाला बोलू?

“हाक कुणी मारली?”

“बायकोनं. बाबा न्हाणीत पडले म्हणून.”

माझे हात मातीत तसेच राहिले.

“तुम्हीच शिकवलंत ना काका? एक डोळा आखला की दुसरा होईपर्यंत कुंचला खाली ठेवायचा नाही.”

“ते रंगासाठी रे. पहिला वाळला की दुसऱ्याची छटा बदलते.”

“पण मी नेम मोडला नाही.”

“बाबा कसे आहेत?”

“शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.”

“बोलत होते?”

“ठाऊक नाही... मी आधी इकडे आलो.”

काकांनी मूर्ती उजेडात धरली. भिंग लावलं. उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजवा. मी मनातल्या मनात त्या गणपतीलाच विनवत होतो, देवा, एखादी रेघ तरी वाकडी निघू दे.

“फरक दाखवा, काका.”

काका बराच वेळ शोधत राहिले. भिंग खाली ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“नाही. केसभरही नाही...”

“मग जागा माझी?”

काकांनी मूर्ती पाटावर ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

“बाप पडला हे कानावर आलं... तरी हात हलला नाही तुझा?”

“जरासुद्धा नाही!”

काकांनी ओला फडका उचलला आणि डावा डोळा पुसून टाकला.

दिगंबर किंचाळलाच. कारखान्यातली सगळी माणसं होती तिथे थांबली.

“काका! काय केलंत हे? असा डोळा पुन्हा नाही जमायचा मला!”

“आधी दवाखान्यात जा. बापाचा हात हातात घेऊन बस. मग ये आणि इथे, माझ्यासमोर डावा आख.”

दिगंबर पुसलेल्या डोळ्याकडेच बघत होता.

“आणि नाही जमला तर?”

काकांनी ती एका डोळ्याची मूर्ती त्याच्या हातात दिली.

“त्यानंतरही असाच जमला, तर हे काम सोड.”