मंजुळेची दवंडी

एका राज्यात ओढ्याच्या काठी टेंभूरवाडी नावाचं गाव होतं. त्या गावात दवंडी देण्याचं काम भिवरा नावाच्या बाईकडे होतं. सासऱ्याकडून ते तिच्या नवऱ्याकडे आलं होतं आणि नवरा पुरात वाहून गेला तेव्हा डफ तिनं गळ्यात घातला.

सकाळी ती चावडीपुढच्या पारावर चढे, डफावर थाप देई आणि म्हणे, "ऐका हो ऐका! केरू गवळ्याची तांबडी गाय रानात चुकली आहे, दिसेल त्यानं बांधून ठेवावी! आज ओढ्याचं पाणी वरच्या आळीला आहे, खालच्या आळीनं पाट फोडू नये! रंगू शिंपिणीला नात झाली आहे, बाळबाळंतीण सुखरूप आहेत!" कोणी मेलं तर तेही तीच सांगे. कोण गेलं, कशानं गेलं, तिरडी कधी उचलणार. ते ऐकलं की गाव हातातलं काम टाकून त्या दारी जाई. भिवरेनं सांगितलं नाही तोवर गावात काही घडलं असं कोणी धरत नसे.

त्या राज्याचा राजा शूरकेतू. त्याची राणी चंद्रलेखा ऐन तारुण्यात वारली. राजानं तिला मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही. राणी मेली असं जो म्हणेल त्याची जीभ छाटा, असा त्यानं हुकूम केला. पण जिभा तरी किती छाटणार? तेव्हा काळ्या डोंगरावरचा मांत्रिक तमोघन दरबारात आला.

"महाराज," तो म्हणाला, "जिभा कशाला छाटता? मरणाचा शब्दच मला द्या. मी तो कोंडून ठेवतो. जे कोणी सांगू शकणार नाही, ते पुरतं घडणारही नाही."

"मोबदला काय?"

"तो माझा मी घेईन."

राजानं मान हलवली. मांत्रिकानं काळं मडकं उघडलं आणि झाकलं. त्यासरशी राज्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून तो शब्द गेला. राणीनं डोळे उघडले आणि ती सिंहासनावर जाऊन बसली. बोलली मात्र नाही.

टेंभूरवाडीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. महादा तेली घाण्यापाशी कोसळला, तसा त्याचा लेक धावत भिवरेकडे आला. भिवरा पारावर चढली. "ऐका हो ऐका! महादा तेली..." एवढं म्हणताच तिचा गळा आवळला. तिनं डफावर जोरानं थाप मारली, तर डफाचं कातडं उभं फाटलं. तेल्याचा लेक घरी परतला, तेव्हा बाप उठून उंबऱ्याशी बसला होता. डोळे उघडे, अंग दगडासारखं गार.

पुढे गावात तापाची साथ आली. जे जे त्या तापात गेले, ते ते उठून आपापल्या दाराशी बसले. लोक त्यांना 'बसलेले' म्हणू लागले, कारण दुसरा शब्द कोणाच्या तोंडी येत नव्हता. बसलेले खात नसत, बोलत नसत, पापणी हलवत नसत. ज्या घरी बसलेला असे, त्या घरचे कोणाला आत घेत नसत. वाटेत कोणी विचारलंच तर म्हणत, "अंगात कसर आहे, उतरेल." कोणाला रडू येत नसे. छातीत हुंदका दाटे आणि तिथंच थिजून राही. दवंडी नाही म्हणून शेजार येत नसे, आणि शेजार येत नाही म्हणून ज्याचं दुःख त्याच्याच घरात कुजत राही.

भिवरेची लेक मंजुळा त्याच साथीत गेली. पोर नुकतीच परकर सोडून लुगडं नेसायला लागली होती. भिवरेनं तिच्या नाकापाशी सूत धरलं, ते हललं नाही. ती तिला मांडीवर घेऊन बसून राहिली. काही वेळानं मंजुळा उठली आणि उंबऱ्याशी जाऊन बसली.

खरं सांगायचं, तर भिवरेला तेव्हा बरंच वाटलं. लेक दिसते आहे ना, मग पुरे. ती रोज तिची वेणी घाली आणि रोज ती वेणी होती तशीच असे, केस विस्कटत नसत. तिच्या ओठांत भाताचं शीत ठेवी, ते कोरडं होऊन गळून पडे. भिवरा ते निमूट वेचून टाकी आणि पुन्हा ठेवी.

असे कितीक दिवस गेले. मग एका सकाळी सटवा सुईण तिच्या दाराशी आली. आत आली नाही, बाहेरूनच बोलली.

"भिवरे, कुंभाराची कोंडा अडली आहे."

"कधीची?"

"दिवस कधीच भरले. कळा येतात आणि विरतात. महादा तेली बसल्यापासून गावात एकही मूल जन्मलं नाही, तुझ्या ध्यानात आलंय का? जाणारे दारात बसलेत, येणाऱ्यांना वाट नाही. आता कोंडा टिकायची नाही. आणि ती..." सटवाच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही. "तीही बसेल. पोटातल्या जिवासकट बसेल."

भिवरेनं लेकीकडे पाहिलं. त्या दिवशी तिच्या हातून वेणी घातली गेली नाही. घागर घेऊन ती ओढ्यावर गेली. तिथं वाळूत एक टिटवी आपल्या अंड्यांभोवती फेऱ्या मारत होती.

"बाई," टिटवी म्हणाली, "जरा कान लावून बघ."

भिवरेनं अंड्यांना कान लावला. आतून चोची टकटकत होत्या.

"पिल्लं पुरी झालीत, कवच फुटत नाही," टिटवी म्हणाली. "तमोघनानं शब्द मडक्यात कोंडला आहे. न जन्मलेल्यांचा श्वास तो पितो आणि तरुण होतो. तू दवंडीवाली. शब्द मागण्याचा हक्क तुझा आहे. उत्तरेला चालत जा. जिथं झाडांना सावली नाही, तोच काळा डोंगर."

भिवरेनं घागर तिथंच ठेवली आणि ती निघाली.

काळ्या डोंगराच्या माथ्यावर तमोघन बसला होता. म्हातारा म्हणून त्याची ख्याती, पण समोर विशीतला कोवळा तरुण दिसत होता. त्याच्या मांडीवर मडकं होतं आणि मडक्यात काहीतरी धडका देत होतं.

"शब्द परत दे," भिवरा म्हणाली.

"घेऊन काय करशील? तुझा डफ फाटका, गळा मिटलेला." मांत्रिक हसला. "दगडी वाघाचं कातडं डफाला आण. न आलेल्या आसवांच्या तळ्यातलं पाणी गळ्याला आण. आणि ज्यानं हा शब्द मला दिला, त्या राजाच्या तोंडून राणी उरली नाही असं वदवून घे. तो बोलला की मडकं आपोआप फुटेल. जा. तुझ्याआधीही काहीजण गेले. ते वाघापाशीच आहेत."

ते खरंच वाघापाशी होते. डोंगरापलीकडे उतरताना लागणाऱ्या दरीच्या तोंडाशी हाडांचा ढीग पडला होता आणि त्यावर दगडी वाघ पहुडला होता. भिवरेला पाहून त्यानं डोळा उघडला.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझी लेक."

वाघानं पंजा मारला. भिवरेच्या खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

"तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"माझी लेक उंबऱ्याशी बसते. मी तिची वेणी घालते."

वाघानं दुसरा पंजा मारला आणि ती हाडांत कोसळली. वाघ तिच्या छातीवर उभा राहिला. त्याच्या तोंडाला चुन्याचा वास येत होता.

"आता शेवटचं विचारतो. तुझ्या घरी कोण असतं?"

भिवरेला उंबरा दिसला, ते उघडे डोळे दिसले, ओठांवरून गळणारं शीत दिसलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"मी," ती म्हणाली. "मी एकटीच असते."

वाघ बाजूला झाला. सापानं टाकावी तशी त्यानं कात टाकली, आणि ते कातडं तोंडात धरून तिच्यापुढे आणून ठेवलं.

दरीच्या पलीकडे तळं होतं. राज्यात ज्यांना ज्यांना रडू आलं नव्हतं, त्यांची आसवं तिथं साचली होती. पाणी चुलीवरच्या आधणासारखं उकळत होतं. काठावर पांढरा बगळा उभा होता.

"भांडं चालत नाही," बगळा म्हणाला. "ओंजळीनंच न्यावं लागतं. तुझं तुला सापडलं, तर ते सांडणार नाही."

"माझं कसं ओळखू?"

"सगळ्यात जास्त भाजेल ते."

भिवरेनं पाण्यात हात घातले. तळहातांची सालं निघाली, तरी तिनं हात काढले नाहीत. काठाकाठानं ती चाचपत गेली आणि एका जागी अशी आग झाली की तिच्या तोंडून किंकाळी फुटली. तिथलं पाणी तिनं ओंजळीत उचललं. ओंजळीत येताच ते निवलं आणि स्फटिकासारखं घट्ट झालं. तिनं ते पदरात बांधलं आणि ती राजधानीच्या वाटेला लागली.

राजवाड्यात कोणी तिला अडवलं नाही. पहारेकऱ्यांपैकी निम्मे बसलेले होते. दरबारात धूळ साचली होती. सिंहासनावर राणी चंद्रलेखा होती आणि तिच्या पायथ्याशी पायरीवर राजा होता. त्याची दाढी वाढली होती.

"काय मागायला आलीस?" राजानं विचारलं.

"काही नाही, महाराज. राणीसाहेबांची वेणी घालू का?"

राजानं तिच्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं. "घाल. पण उपयोग नाही. ती विस्कटतच नाही."

"माहीत आहे," भिवरा म्हणाली. "माझ्याही घरी एक आहे. तिचीही विस्कटत नाही."

ती राणीच्या मागे उभी राहिली आणि तिनं केस मोकळे केले. मग ती पेड घालू लागली.

"तुझी कोण?" राजानं विचारलं.

"लेक. मंजुळा नाव. खूप बडबडी होती, महाराज. मी पारावर चढले की खाली उभी राहून माझ्याआधीच सगळं सांगून टाकायची. लोक हसायचे, मी रागवायचे."

राजा थोडा हसल्यासारखा झाला. "चंद्रलेखा सोंगट्यांत लबाडी करायची. मला कळायचं. मी कधी बोललो नाही."

"हे कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? कोणी आलंच नाही."

"माझ्याकडेही कोणी आलं नाही," भिवरा म्हणाली. "येणार कसे? त्यांना कोणी कळवलंच नाही. महाराज, माझ्या गावात एक कुंभारीण अडली आहे. तिचं मूल बाहेर येऊ शकत नाही, कारण माझी लेक दारात बसली आहे. आणि माझी लेक दारात बसली आहे, कारण राणीसाहेब इथं बसल्या आहेत."

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. भिवरा वेणी घालत राहिली. राजा उठला, राणीसमोर आला आणि तिच्या गालाला त्यानं हात लावला. गाल थंड होता, पहिल्या दिवशी होता तितकाच थंड.

"मी हिला ठेवून घेतलं," तो म्हणाला, "पण ही राहिली नाही." मग त्याचा आवाज चढला. "चंद्रलेखा मेली. माझी राणी मेली!"

दूर काळ्या डोंगरावर मडकं फुटलं. मांत्रिकाच्या अंगातले चोरलेले श्वास एकदमच बाहेर पडले. तो क्षणात म्हातारा झाला, मग काजळी झाला, आणि ती काजळी वाऱ्यानं नेली.

राजा गुडघ्यांवर बसला होता. "राणीची दवंडी तू दे," तो म्हणाला. "मागशील ते देईन."

"राजधानीचा दवंडीवाला देईल, महाराज. मला माझी द्यायची आहे."

राजानं तिला आपला घोडा दिला.

टेंभूरवाडीत ती भर दुपारी पोचली. कुंभारआळीतून कोंडाचं विव्हळणं ऐकू येत होतं, तेही आता क्षीण झालेलं. मंजुळा उंबऱ्याशी होती तशीच होती. भिवरेनं डफाला वाघाचं कातडं चढवलं आणि पदराची गाठ सोडून आसवांचा खडा जिभेवर ठेवला. मग ती लेकीशेजारी बसली. उठवेना. अजून थोडा वेळ, तिला वाटलं, एवढा थोडा वेळ. कुंभारआळीतला आवाज थांबला. तशी भिवरा उठली आणि मागे न बघता चावडीकडे पळत सुटली.

पारावर चढून तिनं थाप दिली. तो आवाज घराघरांत शिरला. दारं किलकिली झाली.

"ऐका हो ऐका!" भिवरा म्हणाली. "भिवरा दवंडीवालीची लेक मंजुळा... तापानं मेली! आज दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी तिला नेणार आहे. ज्यांना यायचं, त्यांनी यावं!"

आणि तिला रडू फुटलं.

त्याबरोबर सगळ्या गावालाच रडू फुटलं. कोणी भिंतीला टेकून रडलं, कोणी रस्त्यात बसून. उंबऱ्याशी मंजुळेचे डोळे मिटले आणि ती कुशीवर कलंडली, झोपेत कलंडावी तशी. भिवरेनं डोळे पुसले आणि पुन्हा थाप दिली. महादा तेली सांगितला. मग एकेक घर, एकेक नाव. जसजसं नाव निघे, तसतसा त्या घरचा बसलेला आडवा होई. तिचा आवाज पार चिरकला, तरी तिनं एकही नाव गाळलं नाही.

ती खाली उतरली तेव्हा सटवा सुईण पारापाशी उभी होती. तिचे हात रक्तानं माखले होते.

"मुलगा झाला," ती म्हणाली. "कोंडा वाचली. अशक्त आहे, पण वाचली."

"उद्या सांगेन," भिवरा म्हणाली. "आज नाही जमायचं."

मंजुळेला न्यायला गाव लोटला. ज्यांच्या घरी आपापलं माणूस पडलं होतं, तेही आले, आणि मग सगळे मिळून एकेकाच्या दारी गेले. ओढ्याकाठी ओळीनं चिता पेटल्या. राजधानीत राजानंही राणीला अग्नी दिला आणि हुकूम काढला, की आपल्या राज्यात जे घडेल ते घडलं तसं सांगावं, कोणी अडवू नये.

भिवरा घरी आली तर आत माणसं होती. रंगू शिंपिणीनं चूल पेटवली होती. केरू गवळी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. तेल्याच्या सुनेनं पिठलंभाकरीचा कडू घास पुढे केला.

"खा," ती म्हणाली.

भिवरेचे हात भाजलेले होते, म्हणून तेल्याच्या सुनेनंच घास तिच्या तोंडात घातला. भिवरा रडत रडत चावू लागली. कोणी तिला गप्प राहा म्हटलं नाही, आणि कोणी उठून गेलं नाही.

अशी माणसं तिला लाभली. ऐकणाऱ्यांनाही लाभोत.