मामीचा कातळ

तुम्ही आत्ता ज्या काळ्या दगडावर टेकलात, त्याला आमच्याकडे मामीचा कातळ म्हणतात. इथे देऊळ नाही, शेंदूर नाही. मागच्या कपारीतून पाण्याची धार येते, ती भर उन्हाळ्यातही तुटत नाही. पाहुणे विचारतात, कुणाची मामी? जुन्या माणसांकडून ऐकलं तसं सांगतो.

फार पूर्वी वरच्या आळीत म्हाळसा नावाची बाई नांदत होती. घर भरलेलं, सासू, दीर, जावा, पोरंसोरं. तिची लेक तानी आणि वारलेल्या नणंदेची पोर येसू एकाच घोंगडीत निजायच्या. म्हाळसा वाईट नव्हती म्हणे. येसूला तिने कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही.

एका वर्षी तानी आजोळी राहून आली आणि मागोमाग घरभर उवा झाल्या. फण्या फिरल्या, करंजाचं तेल झालं, शिकेकाईने डोकी धुतली, तरी लिखा काही जाईनात. जावा एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. शेवटी सासूने सगळ्यांना समोर बसवून विचारलं, ही घाण घरात आणली कुणी?

म्हाळसाला ठाऊक होतं. तानी परतली त्याच दिवशी तिच्या वेणीत उवा दिसल्या होत्या, आणि म्हाळसाने त्या गुपचूप मारल्या होत्या. आता आपल्या माहेराचं नाव निघणार, या धास्तीने ती बोलून गेली, "येसूनं. गुरांमागे कुठेही बसते ती."

येसू गप्प राहिली.

मग म्हाळसाने सीताफळाच्या बिया वाटल्या, तेलात कालवल्या आणि तो लेप येसूच्या डोक्यावर थापून वर फडकं बांधलं. घरातल्यांना दिसावं म्हणून जरा जाडच थापला, असं सांगतात. पोरीला या कातळावर आणून बसवलं आणि बजावलं, मी न्यायला येईपर्यंत लेप धुवायचा नाही, घरात पाऊल टाकायचं नाही.

ऊन चढलं. घामाबरोबर लेप ओघळून डोळ्यांत उतरला. त्या बिया डोळ्यांना किती वाईट, हे तेव्हाही सगळ्या बायका जाणून होत्या. कपारीत तेव्हा नुसता पाझर होता, पण तेवढं पाणीही येसूने डोळ्यांना लावलं नाही. लेप धुतला गेला तर मामी घरात घेणार नाही, एवढंच तिच्या मनात.

म्हाळसा आली तेव्हा पोर डोळे गच्च मिटून बसली होती. उघडले तर लालभडक, आणि समोर धरलेला हात तिला दिसेना. म्हाळसाने फडकं सोडलं, तिला मांडीवर घेतलं आणि पाझराचं पाणी ओंजळीत धरून डोळ्यांवर सोडू लागली. ओंजळ भरायला वेळ लागत होता. त्या वेळात तिच्याने गप्प राहवेना.

"येसू, त्या उवा माझ्या माहेरच्या. तानी घेऊन आली. मला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं, मामी. मी तिच्याच शेजारी निजत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर राहिले असते कुठे?"

म्हाळसाने पुन्हा ओंजळ पाझराखाली धरली. त्याच वेळी कपारीतला पाझर मोकळा झाला आणि धार लागली म्हणे. त्या पाण्याने येसूच्या एका डोळ्याला दृष्टी आली. दुसऱ्याला आली नाही.

म्हाळसाने घरी जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि नेम घेतला, येसूचे केस विंचरल्याशिवाय तानीच्या केसांना फणी लावणार नाही. येसूने पुढे मामीला कधी बोल लावला नाही, आणि तेच म्हाळसाला जन्मभर जड गेलं. येसू लग्न होऊन सासरी गेली, तरी नेम सुटला नाही. तानीची वेणी घालायची वेळ आली की म्हाळसा शेजारची एखादी पोर हाक मारून बोलवायची, आधी तिचे केस विंचरायची.

आजही गौरी येण्याच्या आधी गावातल्या बायका पोरींना घेऊन या कातळावर बसतात. प्रत्येकीच्या पुढ्यात दुसरीची लेक असते, स्वतःची सगळ्यांत शेवटी. फणीत ऊ आली तर नखावर मारतात आणि हात धुतात. ती कुणाकडून आली, हे इथे कुणी विचारत नाही.