दोन हजार पाचशे वीस अक्षता

एका गावात सटवाजी नावाचा एक भोळा माणूस होता. तो ओसरीवर शेंगा फोडत बसला होता, तेव्हा बातमी आली. त्याची बहीण अनसूया मुलाकडच्यांना पसंत पडली होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मुहूर्त. तो चुकला तर आम्ही उठून जाऊ, असं मुलाच्या वडिलांनी कळवलं होतं. सटवाजीचे वडील वारले होते, म्हणून सगळं त्याच्यावर आलं.

आईने वीस पेढे देऊन त्याला सात घरी पाठवलं. घरटी दोन देऊन तो सहा परत घेऊन आला. आई म्हणाली, "अरे, शुभकार्यात वाटताना बाकी ठेवू नये."

सटवाजीने ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हळदीला पाच सवाष्णी बोलवायच्या होत्या. गावात त्रेचाळीस होत्या. बाकी ठेवायची नाही, म्हणून त्याने सगळ्या आणल्या. ओटीचे नारळ पाच. अडतीस जणी रिकाम्या ओटीने रुसून गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळा गाव रुसला. आईने कपाळाला हात लावला. सगळ्यांना सारखं पुरेल एवढं आधी जमवावं आणि मग वाटायला घ्यावं, असं तिने त्याला समजावलं.

तेही त्याने लक्षात ठेवलं.

लग्नात अक्षता वाटायचं काम त्याचं होतं. किती घ्याव्यात, हे विचारायला तो पिंगळे मास्तरांकडे गेला. असा प्रश्न मास्तरांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"दोन हजार पाचशे वीस घे," ते म्हणाले. "एकापासून दहापर्यंत कितीही माणसं येऊ देत. सारखी वाटणी, बाकी शून्य."

शुक्रवारी सटवाजीने दाणे मोजून ठेवले. दहा पाहुणे आले. प्रत्येकाला दोनशे बावन्न. मग नवऱ्याची आत्या आली, अकरावी. एक दाणा उरला. सटवाजीने सगळ्यांच्या मुठी उघडून अक्षता परत घेतल्या आणि रास अकरापट केली. बारावा फुकटात बसला. तेराव्याला तेरापट. चौदावा, पंधरावा सुखाने बसले. सोळाव्याला दुप्पट. तोवर जेवणाचे तांदूळही राशीत आले होते. सतरावे खुद्द मास्तर आले. त्यांनी तिथेच बोटांवर हिशेब केला.

"एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस. अठरावा आला तरी चिंता नाही. फार गुणी संख्या आहे."

अंतरपाट धरलेला होता. मंगलाष्टकं संपत आली. अनसूया हळूच म्हणाली, "दादा, ज्याच्या त्याच्या हातात चार दाणे ठेव रे."

"अनू, चाराचं कोटीत गणित बसत नाही," तो समजुतीने म्हणाला आणि पुढे मोजू लागला.

भटजींनी मंगलाष्टकं पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा. एक वाजता नवऱ्याचे वडील उठले, त्यांच्यामागे वऱ्हाड उठलं, भटजीही गेले. माणसं कमी होत गेली तसा सटवाजीचा जीव हलका झाला. शेवटी मांडवात पाहुणे म्हणून एकटे मास्तर राहिले. सटवाजीने मोजलेली सगळी रास त्यांच्यापुढे सरकवली.

"मास्तर, बघा. बाकी?"

"शून्य," मास्तर म्हणाले.

लग्न लागायचं राहिलं.